लार्कमूरच्या पाटीची मागची बाजू

इतिहास संस्थेच्या सन्माननीय अध्यक्षा मिसेस केट्रिज, व्यासपीठावरचे काउंटी परिषदेचे सभासद, रेव्हरंड मॅनिगो, आजचे सत्कारमूर्ती श्री. हॉलिस ट्रेडवे, आणि मागच्या रांगांत पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत बसलेली आमच्या चर्चची मंडळी, आपणा सर्वांना व्हर्डेल मॅझिकचा नमस्कार.

पाच मिनिटं बोला आणि गोड बोला, असं मिसेस केट्रिजनी बजावलं आहे. पाच मिनिटं मी नक्की पाळीन.

हॉलिस साहेबांनी बावीस वर्षांत आपल्या रस्त्यांच्या कडेला एक्केचाळीस पाट्या उभ्या केल्या. आज जिथे पाइनची झाडं आणि पेट्रोल पंप आहेत, तिथे कोणाचा मळा होता, कोणाचं मोठं घर होतं, हे गाडीतून जाणाऱ्याला कळतं ते त्यांच्यामुळे. जळून गेलेल्या घरांसाठी इतका झटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी मनापासून म्हणते.

लार्कमूर मळ्यावरचं मोठं घर नेमकं कुठे होतं, हे मात्र त्यांना सापडत नव्हतं. ते माझ्या रोझीना आत्याला ठाऊक होतं. तेव्हा ती त्र्याण्णव वर्षांची होती. साहेब अकरा गुरुवार आमच्या ओसरीवर आले. पहिल्या दिवशी ताटाला हात लावेनात, तेव्हा आत्या म्हणाली, "खा हो मिस्टर हॉलिस. तुमच्या आजोबांनी आमच्या हातचं खाताना एवढा विचार केला नव्हता." साहेब हसले. मग दोनदा भात मागून घेतला. आठवतं ना, साहेब?

आत्याने त्यांना घराची जागा दाखवली. पाचव्या गुरुवारी कबरीही दाखवल्या. एकतीस कबरी, प्रत्येकीवर एक शंख. मळ्यावर राबलेली आमची माणसं. त्यांची नावं कागदावर लिहायची नाहीत, हा आमच्या घरचा दंडक होता. गुलामगिरीच्या काळी ज्याचं नाव कागदावर चढे, तो विकायला चार्ल्सटनच्या बाजारात उभा केला जाई. म्हणून प्रत्येक पिढीत एका माणसाने ती पाठ करायची आणि पुढच्याला द्यायची. आत्यानंतर माझी पाळी होती.

साहेब म्हणाले, "मिस रोझीना, पाटीला दोन बाजू असतात. पुढे घर, मागे तुमची माणसं. माझा शब्द." आणि आत्याने दंडक मोडला. ती नावं सांगत गेली, साहेब पिवळ्या वहीत लिहीत गेले. संध्याकाळी मी विचारलं, "आत्या, मला कधी शिकवणार?" म्हणाली, "आता कशाला डोकं शिणवतेस, पोरी? लोखंडात ओतून रस्त्यावर उभी राहणार आहेत. जाता येता वाच."

पाटीवरचं कापड काढलं त्या दिवशी आपल्यापैकी बरेच जण हजर होते. टाळ्या झाल्या. घर कोणी बांधलं, खांब किती, कोणता सेनापती तिथे जेवला, सगळं होतं. आत्या म्हणाली, "मला मागे ने." मी तिची चाकांची खुर्ची गवतातून ढकलत मागे नेली. तिथेही तेच घर. तेच खांब. तोच सेनापती.

साहेब धावत आले. "मिस रोझीना, गाड्या दोन्हीकडून येतात ना. समितीचं म्हणणं पडलं, की दोन्हीकडून वाचता यायला हवं."

आत्याने खुर्ची वळवायची खूण केली. मग मला म्हणाली, "घरी चल. भात टाकायचाय."

त्यानंतर तिने ती नावं उच्चारली नाहीत. मी खूप विनवलं. म्हणे, "एकदा दिली. दिलेली वस्तू माझ्याजवळ कशी असेल?" गेल्या फेब्रुवारीत ती गेली.

हॉलिस साहेब, मी आपल्याला तीन पत्रं लिहिली. आपण कळवलंत, वही कुठल्या तरी खोक्यात असेल, निवृत्तीनंतर सवडीने बघू. आज आपण निवृत्त झालात. अभिनंदन.

ओसरीच्या दाराआडून माझ्या कानावर पडलेली काही नावं मला येतात. म्हणते. डॉर्कस. कफी. थोरला सँको. धाकटा सँको. बिना. मून्डे. लिझेटचं बाळ.

आठवं मला येत नाही. या सभागृहात ते एकाच माणसाकडे आहे.

संस्थेने मला बोलायची संधी दिली, तिची मी आभारी आहे. मंडळींनी शांतपणे ऐकलं, त्यांचीही. वयाने मोठ्या माणसाशी बोलताना काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. माझी पाच मिनिटं संपली, पण मी अजून खाली बसत नाही.

साहेब, आठवं नाव?