मालूताईंचा जांभळा मफलर

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे. मी शोभा, मालूताईंच्या समोरच्या दारातली. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून विणलं, पण बोलायच्या त्या. मी आपली टाके मोजायची. आज त्या नाहीत आणि माईक माझ्या हातात आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या अंबरनाथला थंडी ती कितीशी? पण मालूताईंना तेवढी पुरायची. हिवाळ्यात पहाटे गॅलरीत उभ्या राहून एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेली माणसं बघायच्या. धुक्यात रिक्षांचे दिवे आणि माणसांचे नुसते गळे दिसायचे. लाल, हिरवे, मोरपंखी. "शोभा, तो बघ माझा पिवळा चाललाय," म्हणायच्या. माणसाचं नाव नाही, मफलरच चाललाय! आणि खरं सांगू? मलाही तसंच दिसायला लागायचं. रस्ता नाही, माणसं नाहीत, नुसती लोकर धुक्यातून तरंगत चाललीय.

त्यांचा मफलर कुणाकुणाकडे आहे, जरा हात वर करा. बघा! हरेशभाईंचाही हात वर आहे. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये यांचं लोकरीचं दुकान. तिथे गेलं की मालूताई लोकर गालाला लावून डोळे मिटून बसायच्या. हरेशभाई विचारायचे, "दीदी, सो गयी क्या?" त्या म्हणायच्या, "थांबा हो, ही कुणाच्या गळ्यातली ते आठवतेय." आठवतेय! अजून एक टाका घातला नाही आणि बाईंना आठवतेय.

त्यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. ज्याला मफलर दिला ते माणूस गेलं, की घरच्यांनी तो त्यांच्याकडे परत आणायचा. "पेटीत ठेवलात तर कसर खाईल," म्हणायच्या. मग आम्ही दोघी तो उसवायचो. उसवलेली लोकर कुरळी होऊन बसते. ती धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची, सरळ झाली की दुसऱ्या कुणाच्या मफलरात घालायची. तुमच्या गळ्यात कुणाची लोकर आहे, ते तुम्हालाही ठाऊक नसेल. मला वाटायचं, सगळ्या अंबरनाथभर एकच धागा फिरतोय, या गळ्यातून त्या गळ्यात.

रडत आलेल्या मुलासुनांना हे पटायचं. नाही पटलं तरी त्या ऐकायच्या नाहीत. हट्टी बाई! अण्णा, म्हणजे त्यांचे मिस्टर गेले, तेव्हा मी भीतभीत विचारलं, "ताई, अण्णांचा करडा मफलर?" म्हणाल्या, "उसवला गं." मला न बोलावता, एकटीनेच.

आता त्या स्वतः गेल्या. आणि काल दुपारी मिनल, त्यांची लेक, त्यांचा मफलर घेऊन माझ्याकडे आली. स्वतःसाठी विणलेला तेवढा एकच. अण्णांच्या नंतरच्या हिवाळ्यात विणला होता. जांभळा, दुहेरी, कडा शिवलेल्या, चांगला जड. मिनल म्हणाली, "मावशी, आईचा नियम आहे ना. उसवूया." म्हणाली खरी, पण हातातून सोडेना. सारखी नाकाशी धरत होती. तिला तो ठेवायचा होता हो, आणि आईचा शब्दही मोडायचा नव्हता. मी तरी काय सांगणार? एवढ्या जणांचे उसवले, तर ताईंचा कसा सोडायचा? मीच कात्री आणली.

शिवण कापून एक कड उघडली. आत करडं काहीतरी दिसलं. मला वाटलं, अस्तर असेल. मिनलने हात घालून ओढलं. अण्णांचा मफलर! अख्खा. एक टाका उसवलेला नाही. इतके हिवाळे त्या तो गळ्यात घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि मला सांगत होत्या, उसवला गं!

मी आधी हसले, मग रडले. लबाड बाई! आम्हा सगळ्यांकडून उसवून घेतलंत आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवलंत? पण रागावू तरी कशी? त्यांना जमलं नाही, एवढंच. तुमच्यातल्या ज्यांनी जड हातांनी मफलर आणून दिला, त्यांना सांगते, तुमचं दुखणं त्यांना कळत होतं. नुसतं ऐकून नाही, अंगावर घेऊन कळत होतं.

आम्ही अण्णांचा मफलर होता तसा आत ठेवला. मिनलने स्वतः कड शिवली. हा उसवायचा नाही, असं ठरलंय. कुणाची हरकत असेल तर मला येऊन सांगा, तिला नको.

मालूताई, नमस्कार करते.

आता दोन मिनिटं शांत उभे राहूया. एप्रिल आहे, हॉलचे पंखे धड फिरत नाहीत, आणि मिनलने तो मफलर गळ्यात घातलाय, ते तुम्ही मघापासून बघताय. उकडत नाही का, असं आज तिला कुणी विचारू नका.