मेन पाडल्यावर

(पांढरकवड्याजवळचं एक कापूस खरेदी केंद्र. काट्याच्या खोलीत दोघंच : संगणकावर वजनं नोंदवणारी मेहनाज आणि तो दुरुस्त करणारा साकेत.)

मेहनाज : मंग बाकीचं कुठं गेलं, साकेतभाऊ? आतल्या मशीनवर अर्धीच ओळ काहून आली?

साकेत : तेच पाहतोय. हे मशीन कोसळलं, की कशानं कोसळलं ते तारेवरून आतल्या खोलीतल्या मशीनला सांगतं. तिकडून पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगतं. तशी सोयच करून ठेवली होती मी.

मेहनाज : मले वाटलं, आज तरी सुटीन मी. ते बंद पडते अन् सकाळची वजनं जाते. हेडऑफिसवाले म्हनून राह्यले, दलालाकडून खाऊन मीच मिटवते. आधीच कापसाले भाव नाही. बाहेर गाडीवालेही मले चोर म्हनतात.

साकेत : कोसळलं तेव्हा तू काय केलंस?

मेहनाज : काय करन? पडदा गोठला, तसा मेन पाडला, साऱ्या केंद्राची लाईन बंद.

साकेत : मेन पाडलास?

मेहनाज : हौ. अब्बा जिनिंगमधे फिटर होते, तिथंच वाढली मी. काही अडलं की पयले मेन पाडाचा, मंग पाहाचं. रुईत ठिणगी पडली तं गंजीच्या गंजी जाते. हात आपोआप गेला. मशीन तं बॅटरीवर होती ना?

साकेत : दोन्ही मशीनं होती. तारा जोडणारा मधला डबा नव्हता. त्याला बॅटरी द्यायचं मला सुचलंच नाही.

मेहनाज : म्हंजे ते बोललंच नाही?

साकेत : बोललं ना. बॅटरी उतरेपर्यंत तेच तेच बोलत राहिलं असेल. पलीकडं पोचत नव्हतं.

मेहनाज : मंग मशीनले पुन्हा तसंच कोसळवता येते का?

साकेत : माझ्या हातात असतं तर कधीच कोसळवलं असतं. आणि हेडऑफिसचे लोक जीप घेऊन उभे आहेत. हे मशीन आत्ताच नागपूरला नेणार, सगळं पुसून दुसऱ्या केंद्राला देणार.

मेहनाज : तं उरलेली ओळ तुमीच लिहून द्या. कोनाले समजते?

साकेत : काय लिहू? ते कशानं मेलं, मलाच माहीत नाही. आणि माझी लबाडी पकडली, तर तुझीही खरी ठरेल.

मेहनाज : मंग जाऊ द्या. न्या म्हना त्याहिले.

साकेत : तुझ्या अब्बांना, मोहिउद्दीनचाचांना, मी घरी येऊन सांगू का सगळं?

मेहनाज : नोको. त्याहिले यातलं काही समजत नाही. ते एकच विचारतीन, मेन पाडला होता ना? हौ म्हनीन. खुश होतीन.