मुकी गिटार

हसू नका गा, पण मी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली ना, तवा तिले ॲम्प्लिफायर लागतो हेच मले माहीत नव्हतं. कामठीच्या छावणीतला एक बँडवाला हवालदार बदलीवर चालला होता, त्यानं विकली. ॲम्प्लिफायर त्यानं आधीच दुसऱ्याले देऊन टाकला होता. नागपूरले घरी येऊन मी मोठ्या ऐटीत वाजवली, तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज!

आई म्हणे, "फसवलं तुले. मुकी हाये हे."

माझं तोंडच उतरलं. बाबा बाजूले चहा पिऊन राहिले होते. पावरलूमच्या खडखडाटात त्यांचे कान कधीचेच गेले होते. माग बरोबर चालून राहिला का नाही, हे ते हात लावून ओळखत. ते उठले, गिटारीच्या लाकडावर तळहात ठेवला अन् वाजवायची खूण केली. मी वाजवली. मग सुताचा ताण पाहावा तशी त्यांनी एकेक तार बोटानं दाबून पाहिली.

"तिसरी ढिली हाये."

मी खुंटी पिळली. खरंच, सूर लागला!

आई चाटच पडली. "अवो, तुमाले ऐकू आलं?"

बाबा म्हणाले, "आँ?"