पित्ताची पिशवी काढल्यावरची येळवस

पाण्याचं समजून मी आंबिलीचं मडकं उचललं आन् दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलो, ही चूक माझीच, ते आधी कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं सांगायला मोकळा. तेही पोरीची सोयरीक ठरायच्या आधी, आन् तेही येळवशीच्या दिवशी, सगळ्या शिवारादेखत. आता तुम्ही लिहून घेऊन राहिलात म्हणून मुळापासून सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील ह्या माणसाला काय उचलावं तेवढंही कळत न्हाई.

मी मूळचा उमरी तालुक्यातला. आम्ही तिघं भाऊ, रान दोघांपुरतं, म्हणून तिसऱ्याला म्हणजे मला नांदेडला आयटीआयला घातलं. तिथं मोटार भरायचं शिकलो. मोटार भरणं म्हणजे शेतकऱ्याची पाण्याची मोटार जळाली की तिची जुनी तार काढायची आन् नवी गुंडाळायची. मामा रेणापूरला होते, ते म्हणले इकडं ये, इकडं बोअर लई, मोटारी लई जळतात. आलो. सव्वीस वर्षं झाली, त्याच टपरीत बसतो, फक्त पत्रे बदलले. लोकांचं नुकसान झालं की माझा धंदा होतो, त्यामुळं कुणाचं भलं चिंतायचं तर जरा विचार करूनच चिंतावं लागतं.

खाण्यात मी मोठा होतो. म्हणजे दुसऱ्या कशात न्हाई, खाण्यात. पंगतीत वाढपी आला की लोक माझ्याकडं बोट करून सांगायचे, इथं थांब बाबा, इथं वेळ लागंल. पुरणाच्या पोळ्या मी मोजत न्हव्हतो, शेजारचा मोजायचा. आन् मला त्याचा काय गर्व सांगू तुम्हाला, जसं काय फौजेत मेडल मिळालंय.

मंग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. तिथून पाठीत जायचं, वर खांद्यापर्यंत. मी म्हणलं गॅस. दोन वर्षं गॅसच म्हणलो. ओवा खाल्ला, सोडा पिला, बायकोनं हिंग लावला. एकदा दुकानातच मोटारीवर पालथा पडलो तवा गिऱ्हाइकानंच लातूरला नेलं. फोटो काढला तर पित्ताच्या पिशवीत हरभऱ्याएवढे सात खडे. दुर्बिणीनं पिशवीच काढली. खडे लहानशा बाटलीत घालून माझ्या हातात दिले, मी ते दुकानात स्टार्टरच्या खोक्यावर ठेवले. एक म्हातारं आलं, बाटली हलवून बघितली आन् म्हणालं, कोणाच्या मोटारीत निघाले रे हे? म्हणलं माझ्या. म्हणालं, मंग आता पाणी नीट मारती का?

तिथंच तर गोम होती. दुखणं गेलं, ते पुन्हा आलं न्हाई, खोटं कशाला बोलू. पण तेलाचं काही पोटात गेलं की अर्ध्या तासात पळावं लागायचं. पळावं म्हणजे पळावंच, तिथं इज्जत, वय काही चालत न्हाई. डॉक्टर म्हणले महिना-दोन महिने होतं असं. सहा महिने झाले तवा पुन्हा गेलो. त्यांनी समजावून सांगितलं, यकृतात पित्त बनतं, ते पिशवीत साठायचं, तुपातेलाचं खाल्लं की पिशवी लागंल तेवढं सोडायची, आता पिशवी न्हाई म्हणून ते सारखं आतड्यात उतरून राहिलंय. मी म्हणलं, म्हणजे हौद फोडला आन् लाईन डायरेक्ट केली. डॉक्टर हसले, म्हणले अगदी तसंच, बहुतेक लोकांचं शरीर जुळवून घेतं, काही जणांचं घेत न्हाई, तुम्ही त्या काही जणांतले. जिंदगीत कधी निवडक लोकांत माझं नाव आलं न्हव्हतं, ते असं आलं.

त्यांनी एक पुडी दिली, जेवणाआधी पाण्यात कालवून घ्यायची, आन् सांगितलं तेल कमी, थोडं थोडं चारदा खा. थोडं थोडं! ज्याच्याजवळ वाढपी थांबायचा त्याला. पण पुडीनं फरक पडतो, हे सांगतो, घेतली तर पडतो.

तवापासून माझा नकाशाच बदलला. लातूर-नांदेड रोडवर कुठल्या पंपावरच्या संडासाला आतून कडी हाय आन् कुठं दार पायानं दाबून धरावं लागतं, हे मला विचारा. कुणाच्या शेतात मोटार बसवायला गेलो की आधी लाईट किती वाजता येती ते विचारायचो, आता आधी आडोसा बघतो, मंग लाईटचं विचारतो. माहूरला देवीला गेलो, पायऱ्या चढताना लोक देवीचं नाव घेत होते, मी पण घेत होतो, पण माझं मागणं त्या घडीपुरतंच होतं.

घरी बायको, सुमन, तिनं चमचा काढला. तेल चमच्यानं. फोडणी बंद, वरण साधं, भाजी उकडल्यावानी. मी कुरकुर करायचो, ह्याला काय चव हाय का. ती ताट पुढं सरकवायची. वर्षभरानं माझ्या ध्यानात आलं की तीही तेच खाऊन राहिली, तिनं स्वतःला वेगळी फोडणी कधी घातलीच न्हाई. ध्यानात आल्यावर मी काय केलं? काही न्हाई. कुरकुर कमी केली, तेवढंच.

आता पोरीचं. आमची पूजा, एकच लेकरू, लातूरला शाळेत शिकवायची. पहिलं स्थळ आलं तवा पाहुणे पोहे खाऊन राहिले आन् मी तेवढ्यात तीनदा मागच्या दारानं जाऊन आलो. तिसऱ्यांदा आलो तवा मुलाच्या चुलत्यानं विचारलं, पाव्हण्याला काही तकलीफ हाय का? म्हणलं, छे, म्हैस सुटली होती. आमच्याकडं म्हैस न्हाई, ते त्यांना आवारात दिसत होतं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत न्हाई. पत्रिका त्यांनी मागितलीच न्हव्हती. तवा माझ्या मनात पक्कं बसलं, हे माझ्या पोटानं मोडलं. लोक म्हणणारच, बापाला आतड्याचं दुखणं हाय, खानदानी असलं तर? पूजा दोन-तीन दिवस माझ्याकडं न बघता जेवली. ते माझ्या जिवाला लागलं.

म्हणून दिगंबररावाच्या मुलाचं स्थळ आलं तवा मी सुमनला ताकीद दिली, ह्यांना काही सांगायचं न्हाई. माणसं लई चांगली, मुलगा महेश बँकेत, रान आपल्या पाण्याचं, पूजालाही पोरगा पसंत. सुमन म्हणली, आवं, पिशवीच काढली ना, चोरी तर न्हाई केली, सांगून टाका. म्हणलं, लग्न झाल्यावर सांगू. ती म्हणली, लग्नात काय म्हैस सुटणार हाय का? मी म्हणलं, तू गप.

आन् नेमकं दिगंबररावाचं आवतण आलं, येळवशीला रानात या, बोलणी तिथंच उरकू. आता बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस दिसत न्हाई, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत लक्ष्मी मांडायची, पूजा करायची आन् मंग खायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी न्हवं, बेसनात शिजवलेली शेंगादाण्यांची आन् पालेभाज्यांची मिसळ, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. येळवशीला जो नको म्हणतो तो माणसातून उठला. माझ्यासाठी तर ही परीक्षाच, तीही तोंडी.

निघताना सुमननं विचारलं, पुडी घेतली का? म्हणलं हाव. घेतली न्हव्हती. चारचौघात पुडी काढून पाण्यात कालवायची म्हणजे विचारणारच, हे काय? फडताळातच ठेवली.

रानात गेलो. दिगंबरराव धिप्पाड माणूस, आवाज तर असा की बोअर चालू असताना बोलला तरी ऐकू जावा. त्यांची बायको कांताबाई वाढत होती. सगळ्यांच्या ताटात भज्जीचा ढीग, वर तेलाची धार, आन् माझ्या ताटात दोन पळ्या, धार न्हाईच. तिळाची पोळी सगळ्यांना दोन दोन, मला अर्धी. माझं टाळकं सरकलं. म्हणलं हे काय, पोरीचा बाप म्हणून हलकं समजून राहिले का? जुना गर्व उठून बसला. मी म्हणलं, वैनी, हात आखडू नका, इकडं धार सोडा. कांताबाईनं सुमनकडं बघितलं. सुमननं लिंबाच्या झाडाकडं बघितलं. मी म्हणलं, आणखी दोन पोळ्या टाका. दिगंबरराव म्हणले, पाव्हणं, दमानं, दिवस जायचाय. म्हणलं, दमानं खाणारा माणूस मी न्हव्हं. आन् खाल्लं, सर, तीन वर्षांचं खाल्लं. काय चव होती म्हणून सांगू तुम्हाला.

वीस मिनिटं झाली. बोलणी सुरू होती, हळदीला किती माणसं, कपडे कुणी घ्यायचे, आन् माझ्या पोटात मोटार चालू झाली. मी उठलो, म्हणलं जरा पीक बघून येतो. कोपीच्या कडेला फडकं बांधलेलं लहान मडकं दिसलं. पाण्याचं असंल म्हणून उचललं आन् ज्वारीत शिरलो.

आता झालं काय, त्यांच्याकडं जेवणं झाल्यावर आंबील शिंपडायची पद्धत. मडक्यात आंबील घेऊन पिकातून फेरी मारायची, शिंपडत जायचं आन् मागून सगळ्यांनी वरडायचं, ओलगे ओलगे, सालम पलगे. कानडी हाय म्हणतात, अर्थ कुणाला मालूम न्हाई, वरडतात सगळे. तर मी मडकं घेऊन पिकात शिरलेला बघितला आन् एक जण म्हणाला, अरे पाव्हणं शिंपायला निघालं! दुसरा म्हणाला, सोयरीक ठरायच्या आधीच रान आपलं समजून राहिलं की! आन् हसत खिदळत सगळी वरात माझ्या मागं. ओलगे ओलगे!

मी छातीएवढ्या ज्वारीत, फडकं काढलं तर लसणाचा आन् ताकाचा वास. तवा कळलं हातात काय हाय. देवाचा नैवेद्य.  मागं दहा-बारा माणसं वरडत येऊन राहिलेली. मंग काय करता, शिंपडायला लागलो. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दात आवळायचे, शिंपडायचं. म्हणलं आज पोरीची सोयरीक ह्याच सरीत मोडणार, आन् ह्या बारीला म्हैस सुटली म्हणायचीही सोय न्हाई.

बांधाजवळ पाय थांबले. पुढं एक पाऊल टाकणं शक्य न्हव्हतं. तेवढ्यात दिगंबरराव सगळ्यांच्या पुढं येऊन माझ्याजवळ पोचले. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हणलं, दिगंबरराव, तुम्हाला एक सांगायचं राहिलं, माझं पित्ताचं ऑपरेशन... ते म्हणले, हां हां, मडकं आणा इकडं. मडकं घेतलं, बांधाच्या पलीकडं बोट केलं, म्हणले तिकडं तूर दाट हाय, खाली बोअरचं पाणी पडून राहिलंय, जावा, मी हाय इथं. आन् मागं वळून असा आवाज लावला, चला रे उगवतीकडून, हिकडचं पाव्हण्यानं शिंपलंय! सगळी वरात वळवली. स्वतः बांधावर उभे. मी तुरीत बसलेला आन् तो माणूस पाठमोरा उभा राहून एकटाच वरडून राहिला, ओलगे ओलगे, सालम पलगे.  आभार मानण्यासारखी ती वेळ न्हव्हती. पण डोळ्यात पाणी आलं, ते तेवढं पोटामुळं न्हव्हतं.

उठताना बोअरचा आवाज कानावर आला. परत आल्यावर म्हणलं, दिगंबरराव, तुमच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय. ते म्हणले, मंग इवाई आता कशाला केला? इवाई म्हणले, म्हणजे व्याही. म्हणजे ठरलं.

पूजाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. सुखात हाय. मी अजून त्या काही जणांतलाच. पुडी खिशात असते, आता चारचौघात काढून कालवतो, कुणी विचारलं तर सांगतो, हौद फोडलाय. चांगला दिवस असला की चांगला, न्हाई तर न्हाई. सहन होतं. माणसाला सवय कशाचीही होती.

फक्त त्या दिवशी परत येतानाचं सांगायचं राहिलं. गाडीवर मी मोठ्या तोऱ्यात सुमनला सांगून राहिलो, बघ, दिगंबररावाशिवाय कुणाला काही कळलं न्हाई, झाकली मूठ राहिली. रेणापूरला पोचलो. ती दारात उतरली, पदर झटकला आन् म्हणली, कांताबाईला मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तिनं तुम्हाला बेतानं वाढलं, ते तुम्ही मागून घेतलं. आन् तुमच्यासाठी म्हणून पाण्याचा तांब्या भरून कोपीच्या मागं ठेवला होता त्या माउलीनं, तेवढा दिसला न्हाई तुम्हाला.