सातविणीखालची हाक

ऐका. वैजूला वाटलं होतं, आपण एवढं शिकून गावात शाळा काढायला परत येतोय, तर फाट्यावर अर्धा गाव उभा असेल. आणि होतं कोण? एकटा भिवा टपरीवाला! तोही फळ्या लावत होता.

"वैजूताई, अंधार पडला. लांब पडलं तरी सडकेनं जा. सातविणीच्या वाटेनं जायचंच असेल, तर राशीतला खडा तोंडात धर."

ठाऊक आहे ना ती रास? वाटेच्या तोंडाशीच आहे. खडा तोंडात धरायचा, पलीकडे गेलं की थुंकायचा. मग कुणी हाक मारली तरी ओ जात नाही. ओ गेली, की माणूस गेलं!

वैजू हसली. "भिवाकाका, त्याच झाडाच्या सावलीत मी उद्यापासून पोरांना शिकवणार!"

आणि निघाली, खडा न घेता.

झाड फुललेलं. वास असा, की डोकं गरगरावं. रात्री आपण त्याचं नाव घेत नाही, 'थोरला' म्हणतो. हिनं काय करावं? वर बघून मोठ्यानं म्हणाली, "सातवीण! सप्तपर्णी! अल्स्टोनिया स्कॉलरिस! झाडच तर आहेस!"

वारा थांबला. पान हलेना.

"वैजयंती!" वरून आवाज आला. मास्तर हजेरी घेतात तसा.

ती पळाली. पळाली, पळाली, आणि बघते तर पुन्हा त्याच बुंध्यापाशी!

"वैजू!" आता अगदी कानाशी. पाय उचलेनात, जणू मुळं फुटली.

मग हळूच, "चिमणे... जेवलीस का गं?"

अरे देवा! 'चिमणी' अशी हाक तिला फक्त आईच मारायची. आणि आई गेली तेव्हा ही परगावी, शिकायला. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं.

ओ ओठांवर आली. आली होती, बाबांनो! आवरेना. खाली कोसळली आणि मूठभर माती तोंडात कोंबली. गुदमरत, रडत, रांगत पलीकडे जाऊन पडली. मागून हाक येतच होती.

सकाळी भिवानं बघितलं, तर वैजू ओढ्यातले खडे आणून राशीवर ओततेय.

"शाळा कुठं भरवणार, ताई?"

"देवळाच्या ओसरीवर. त्या वाटेनं पोरांना पाठवायचं नाही, काका. मीही जाणार नाही, तोंडात खडा धरूनसुद्धा नाही."

"घाबरलीस?"

"नाही हो. पुन्हा तिनं विचारलं ना जेवलीस का, तर मी खडा थुंकेन."