छताजवळचं वळण

दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत माझ्यामागे दोघं बोलत होती. एक निवृत्त फिटर आणि त्यांच्या जुन्या औषध कारखान्यातली सुपरवायझर.

“काका, गोळ्यांवर तांबूस कण येताहेत. तीन दिवस काम बंद आहे.”

“हवेच्या लाइनीतून?”

“हो. नवे फिल्टर घातले, तरी येतात.”

“मग फिल्टरच्या पुढे बघा. छताजवळच्या वळणावर लोखंडी तुकडा आहे. आतून गंजला असणार.”

“नकाशात तर सगळा पाइप स्टेनलेसचा आहे.”

“तो तुकडा मीच घाईत बसवला होता. बदलायचा राहून गेला.”

“थांबा, फोन करून सांगते.”

“सांग. पण वरून रंग दिलाय, दिसायला सारखाच आहे, असा सापडायचा नाही. लोहचुंबक लावावा लागेल, चिकटेल तिथे लोखंड.”

“लावतील की. तुम्ही कसे आहात?”

“बरा आहे. दोन वर्षं झाली, पण सकाळी सात वाजले की कान अजून कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघतात.”

“काका...”

“मी शिडीवर चढणार नाही. खाली उभा राहून नुसतं बोट दाखवीन.”

“अहो, पुढचा नंबर तुमचाच आहे!”

“डोळे उद्याही तपासतील. तू गाडी आणलीयस ना?”