फॉइलमधली शेवटची नळी

...आणि वर मलाच म्हणतात, तुझी चिडचिड वाढलीय! वाढणार नाही तर काय? भरदिवसा पडदे ओढून, एका लाल बल्बखाली आठ महिने बसून दाखवा की! आणि कशासाठी, तर एका औषधासाठी. तुम्हाला सांगतो, औषध गुण देतं, पण अंगातल्या हजारो प्रोटीनांपैकी नेमकं कुणाला धरून देतं, ते कुणालाच ठाऊक नाही. चिकटतं, सुटतं, पकडायला जावं तर पसार! म्हणून मी त्याला एक शेपटी जोडली. प्रकाश पडला की ती शेजारी असेल त्याला जळूसारखी धरते, मग सोडायचं नाव नाही. पण मेली लाल सोडून कुठल्याही प्रकाशात धरते हो! म्हणून आपलं एकच पालुपद... दिवा लावू नका!

ऐकतंय कोण? झाडणाऱ्या मावशी आल्या, खटकन बटण! "अरे, डोळे जातील की तुझे!" डोळे राहिले, शेपटीवाल्या औषधाची एक नळी वाया गेली. मग आमच्या गाईड मॅडम, मोबाइलची बॅटरी पाजळत, "कुठवर आलं रे?" गेली दुसरी! मॅडमवर कुणी ओरडतं का? मी ओरडलो... दिवा लावू नका! घरी जेवतानासुद्धा ओरडलो. आई म्हणाली, "अरे, घास कुठं जातोय ते तरी दिसू दे!"

उरली एकच नळी. मॅडम म्हणाल्या, "यातून काही निघालं नाही, तर विषय बदलायचा." म्हणजे आठ महिने पाण्यात! नळीला फॉइलचे तीन थर दिले, दारावर पाटी लावली, दाराला आतून खुर्ची लावली. आत प्रोटीनं घातली, औषधाला आपलं प्रोटीन सापडावं म्हणून अर्धा तास श्वाससुद्धा बेतानं घेतला... आणि मग स्वतःच्या हातानं, शेपटीनं पकड घ्यावी म्हणून, खास जांभळा दिवा लावला! नळी बरोबर त्याच्याखाली. मोजून दहा मिनिटं!

दुसऱ्या दिवशी तपासलं तर काही म्हणजे काही चिकटलेलं नाही. मॅडमनी समोर बसवून एकेक विचारलं.

"दिवा चालू होता?"

"होता."

"दहा मिनिटं?"

"दहा."

"फॉइल कधी काढलीस?"

फॉइल...?

"आज सकाळी, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "आठ महिने सगळ्यांवर ओरडलास. ऐकणारा एकटा तूच निघालास!"

विषय नाही बदलला, एवढी कृपा. आता पुन्हा पहिल्यापासून... तीच खोली, तोच लाल बल्ब. दारावर माझी पाटी अजून आहे, दिवा लावू नका. खाली मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "तू लाव. फॉइल काढून."